म्हातारा पाऊस यंत्राला कोण सांगणार? (माणसाने लिहिलेल्या मराठीविषयी)

बोरबन

पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तो तरणा आणि त्याच्या पाठोपाठ येणारा पुष्याचा तो म्हातारा. पहिला साधारण ५-६ जुलैला लागतो, दुसरा १९-२० जुलैला. "यंदा म्हाताऱ्यानं भात तारला" हे वाक्य एआयला देऊन अर्थ विचारला, की उत्तरात बऱ्याचदा आजोबा येतात. त्यांचे कष्ट, त्यांचा अनुभव, वर ज्येष्ठांच्या योगदानाबद्दल एक परिच्छेद. शुद्धलेखन बरे असते, वाक्ये गुळगुळीत असतात आणि पाऊस कुठेच नसतो.

शाळांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका, गावाचा इतिहास, सोसायटीचे वार्षिक अंक, छोटे दिवाळी अंक यांतला मजकूर आता सर्रास यंत्राकडून लिहून घेतला जातो. यंत्र वाईट की चांगले, हा वाद इथे नको. प्रश्न इतकाच: मराठीत कोणते लेखन माणसानेच करायला हवे आणि नेमके कशासाठी?

"यंत्राला भावना नसतात" हे उत्तर कृपया देऊ नका, त्याने कोणाचेच काम पुढे सरकत नाही. मुद्रितशोधन, भाषांतर, संगणक, स्वयंपाक, शेती, कायदा, ज्याला जे नीट कळते त्याने तिथली कारणे सांगावीत. किस्से नकोत. काम कसे चालते आणि कुठे बिघडते ते लिहा.

माझे मत आधीच सांगतो. लेखनाला मी पंचनाम्यासारखे मानतो. पंचनाम्याला मोल येते ते त्यावर सही करणारी माणसे जागेवर हजर होती म्हणून. भाषा साधीच असते, क्वचित अशुद्धही असते, तरी तो चालतो. हजर नसलेल्याने कितीही सुंदर पंचनामा लिहिला तरी तो पंचनामा होत नाही.

---

बिटबाइट

संगणकाच्या बाजूने सांगतो.

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवायला यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला १. 'विद्यार्थ्यांच्या' या एका शब्दात काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार धरून १७ चिन्हं आहेत, म्हणजे ५१ बाइट. भाषेचं मॉडेल, म्हणजे एआयचा मजकूर लिहिणारा भाग, आपल्यासारखं शब्द वाचत नाही, तुकडे वाचतं. कोणते तुकडे करायचे हे आधी एका मोठ्या मजकुरावरून ठरवलेलं असतं आणि त्या मजकुरात जे वारंवार येतं त्याला स्वतंत्र तुकडा मिळतो. जीपीटी-२ या जुन्या मॉडेलकडे असे ५०,२५७ तुकडे होते आणि ते जवळजवळ सगळे इंग्रजीतून आलेले. तिथे आपला शब्द भुगा होऊनच पोचायचा. नव्या मॉडेलांचे तुकड्यांचे कोश कितीतरी मोठे आहेत आणि त्यात भारतीय भाषांना जागा आहे, त्यामुळे 'आहे', 'आणि', 'मध्ये' हे आता सलग जातात. पण 'आगोट', 'झड', 'उपणणे' असे कमी दिसणारे शब्द अजूनही फुटतात. तुकड्यातुकड्यांतून अर्थ शिकायचा तर तो शब्द खूप वेळा, वेगवेगळ्या वाक्यांत भेटावा लागतो.

घोडं तिथे अडतं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी लोक आहेत. वेबवरून गोळा केलेल्या मोठ्या मजकूरसाठ्यांत मात्र इंग्रजीचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर आणि मराठीचा एक टक्क्याच्या दहाव्या भागाहून कमी. त्यातही बातम्या, राशिभविष्य आणि भाषांतरित जाहिराती भरपूर. म्हातारा पाऊस कुणी वाक्यात वापरून लिहिलाच नसेल तर यंत्राला तो सापडणार कुठून?

---

कानामात्रा

मुद्रितशोधकाच्या टेबलावर यंत्राचा मजकूर आला की आधी तीन जागा बघाव्यात.

पहिली जागा सामान्यरूपाची. मराठी नियमांप्रमाणे मराठी शब्दांतला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, दीर्घ ई-ऊ विभक्ती लागताना ऱ्हस्व होतो: गरीब–गरिबाला, फूल–फुलाला, सून–सुनेला, नागपूर–नागपुरात. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांत तो दीर्घच राहतो: शरीर–शरीराला, गीत–गीताचा. यंत्र एकाच परिच्छेदात 'फुलाला' आणि 'फूलाला' दोन्ही लिहून जाते, कारण ते ज्या मजकुरावर शिकले त्यात दोन्ही आहेत. नियम त्याला विचारला तर ते सांगते. पाळतेच असे नाही.

दुसरी जागा ऱ्य-ऱ्ह. 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' यांत पंगतीतला माणूस बदलतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. या चंद्रकोरी 'र'साठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सामाईक पद्धतीत, दोन मार्ग आहेत: एक ऱ हे वेगळे चिन्ह आणि पुढे हलन्त, दुसरा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दुसऱ्या मार्गाने लिहिलेला मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना ते अदृश्य चिन्ह गळते आणि दऱ्यांचा दर्या होतो. शुद्धलेखन तपासणारी कोणतीही संगणकप्रणाली ती चूक दाखवणार नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. ती वाक्याचा अर्थ कळणाऱ्या माणसालाच दिसते.

तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची, आणि ती शुद्धलेखनाची नाहीच. वाक्य शुद्ध आहे पण काही सांगत नाही, अशी जागा. 'या मंदिराला समृद्ध सांस्कृतिक वारसा लाभला आहे.' या वाक्यात मंदिराचे नाव बदलून पाहावे. कोणतेही नाव बसत असेल तर वाक्य कापावे. 'गाभाऱ्याची चौकट बसाल्टची, दीपमाळ मात्र विटांची आणि तिचा उत्तरेकडचा भाग ढासळलेला' हे दुसऱ्या देवळाला लावून दाखवा.

---

लिंबोणी

नाव बदलून पाहायची कसोटी फार आवडली. शाळेच्या स्मरणिकेला तर तंतोतंत लागू आहे.

---

दुभाषी

भाषांतरात एक गोष्ट सतत हुकते: आम्ही आणि आपण. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, हिंदीतही बहुतेक वेळा 'हम'वर भागते. मराठीत ऐकणारा त्यात आहे की नाही हे बोलणाऱ्याला ठरवावेच लागते. समितीची नोटीस इंग्रजीत लिहून यंत्राने मराठी केली आणि त्यात आले, 'आपण शनिवारी टाकी साफ करणार आहोत'. वाचणाऱ्याने बादली घेऊन गच्चीवर यायचे का? 'आम्ही' असते तर प्रश्नच उरला नसता. भर म्हणून 'आपण' हे आदरार्थी 'तुम्ही'साठीही येते. मूळ इंग्रजी वाक्यात ही माहिती नसते. ती प्रसंगात असते आणि प्रसंग माणसाला माहीत असतो.

दुसरे, इंग्रजी वळणाच्या कर्मणी प्रयोगाचा अतिरेक. 'समितीद्वारे निर्णय घेतला गेला आहे.' मराठीत 'समितीने निर्णय घेतला' इतकेच. 'द्वारे' आणि 'गेला आहे' काढले की निर्णय कोणी घेतला ते डोळ्यांसमोर येते.

तिसरे लिंग. हिंदीत दोन लिंगे, मराठीत तीन. हिंदीच्या वळणाने शिकलेला मजकूर नपुंसकलिंगावर घसरतो. 'ती मूल', 'मोठा पुस्तक' अशा चुका आता कमी झाल्यात, पण वाक्य लांबले आणि विशेषण नामापासून दूर गेले की पुन्हा दिसतात.

---

पाटावरवंटा

मला इथे विरोधी सूर लावायचा आहे, आणि मनापासून.

माणसाची मराठी म्हणजे दरवेळी सोनं, असं तुम्ही सगळे गृहीत धरताय. 'परिसरात शोककळा पसरली', 'पंचक्रोशीत हळहळ व्यक्त होत आहे', 'त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी' हे यंत्र यायच्या कितीतरी आधीपासून माणसंच लिहितायत. त्यालाही कानामात्रांची नाव बदलायची कसोटी लावा, सगळं कापावं लागेल.

दुसरं, प्रमाण मराठी न येणाऱ्याला सरकारी कचेरीत अर्ज देताना जी मान खाली घालावी लागते तिचं काय? घरात अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाला यंत्र दोन मिनिटांत रीतसर अर्ज करून देतं. ती सोय काढून घ्यायचा अधिकार कुणालाच नाही.

---

टपालपेटी

पाटावरवंटा, सोयीच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. फक्त अर्ज यंत्राने लिहिला तरी त्यात काय हवं ते माणसाला कळावं लागतं.

माहिती अधिकाराचा अर्ज घ्या. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. यंत्राला 'रस्त्याच्या कामाबद्दल अर्ज लिही' म्हटलं तर ते पारदर्शकतेचं महत्त्व सांगत चारशे शब्द लिहितं आणि शेवटी विचारतं की काम निकृष्ट का झालं. 'का' विचारलं की अर्ज फसला. कायद्याने अभिलेखात असलेली माहिती मिळते, स्पष्टीकरण मिळत नाही. अर्जात हवं ते असं: कामाचं नाव, कार्यारंभ आदेशाची प्रत, अंदाजपत्रकाची प्रत, मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती, देयकांच्या प्रती, कालावधी अमुक ते अमुक. साठ-सत्तर शब्दांत बसतं.

हे यंत्राला सांगता येतं का? येतं, आणि सांगितलं की ते उत्तम लिहितं. पण 'मोजमाप पुस्तिका माग' हे सांगायला कुणीतरी ती पाहिलेली असावी लागते.

---

खलबत्ता

अवांतर वाटेल, पण हे पाककृतींनाही लागू आहे, आणि गणपती जवळ आले की हाच गोंधळ होतो.

उकडीच्या मोदकांची यंत्राने लिहिलेली कृती बहुधा अनेक कृतींची सरासरी असते. एकीतलं पाण्याचं माप, दुसरीतली वेळ. वाचायला छान, करायला गेलं की पारी फाटते. कारणं अशी आहेत.

पीठ आणि पाणी मापाला समसमान, एका वाटीला एक वाटी. पाण्यात चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाण्याला उकळी आली की पीठ घालून ढवळायचं, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ, मग उतरवून पाच मिनिटं तसंच झाकून. पण पीठ नव्या तांदळाचं असेल तर पाणी कमी लागतं, वाटीमागे एक-दोन चमचे कमीच घ्यावं, नाहीतर उकड चिकट होते आणि कळ्या बसतात. जुन्या तांदळाचं पीठ जास्त पाणी पितं, तिथे कमी पडलं तर मोदकाला उकडताना चिरा जातात. उकड गरम असतानाच हाताला पाणी-तेल लावून मळायची. गार झाल्यावर मळली तर गुठळ्या राहतात आणि पारी तिथेच फुटते.

सारणाला दोन वाट्या ओलं खोबरं असेल तर एक वाटी गूळ. गूळ विरघळून पाणी आटलं की लगेच उतरवायचं. पुढे नेलं तर सारण गार झाल्यावर दगड होतं. पाणी ठेवलं तर पारी खालून ओली होऊन फाटते. उकडायला दहा-बारा मिनिटं, चाळणीत हळदीचं किंवा केळीचं पान.

'तांदूळ नवा की जुना?' हा प्रश्न कृतीत असला की समजावं, लिहिणाऱ्याने हात भरवलेत.

---

लिंबोणी

आंबेमोहोराचं पीठ घेतलं तर माप बदलतं का?

---

खलबत्ता

माप तेच. आंबेमोहोर चिकट असतो, म्हणून पारी पातळ करता येते आणि वासही येतो. फक्त वरचं नव्या-जुन्याचं पथ्य त्यालाही आहेच. पीठ ताजं दळलेलं असावं, शिळ्या पिठाची उकड तुटते.

---

रानजाई

मोदकांवरून परत अंकांकडे. 'हा लेख यंत्राने लिहिलाय का' हे तपासणारी यंत्रे वापरावीत, असा आग्रह काही संपादक धरतात. धरू नये.

चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असा ओळखक बाजारात आणला होता. त्यांच्याच चाचणीत तो यंत्राच्या मजकुरापैकी २६ टक्के पकडत होता आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर खोटा ठपका ठेवत होता. जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून तो मागे घेतला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध अशा ओळखकांनी यंत्राचे ठरवले. कारण सोपे आहे. ओळखक बघतो की पुढचा शब्द किती अपेक्षित आहे. नवशिका माणूस परिचित शब्दच वापरतो, म्हणून तो यंत्र ठरतो. म्हणजे पाटावरवंटा म्हणतात तो माणूस, जो घरात वेगळी बोली बोलतो आणि पुस्तकी मराठी जपून लिहितो, सगळ्यात आधी तोच अडकणार.

त्याच वर्षी फेब्रुवारीत क्लार्क्सवर्ल्ड या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाला कथा स्वीकारणे काही काळ बंद करावे लागले. एका महिन्यात पाचशेच्या वर कथा यंत्राने लिहिलेल्या आल्या होत्या. तिथे त्रास गुणवत्तेपेक्षा संख्येचा झाला. वाचायला माणसे मोजकी आणि मजकूर पाटाच्या पाण्यासारखा. छोट्या मराठी अंकाकडे तर वाचायला दोन-तीनच माणसे असतात.

---

पाटावरवंटा

रानजाई, मग करायचं काय? ओळखायचं नाही, नाकारायचं नाही, आणि तरी माणसाचं लेखन हवं?

---

रानजाई

'कोणी लिहिले' हे पकडत बसण्यापेक्षा 'हे तुम्हाला कसे कळले' हे विचारायचे. दहा मिनिटांचा फोन पुरतो. लेखात आलेल्या तीन ठोस गोष्टी निवडायच्या आणि प्रत्येकीबद्दल एकच प्रश्न: कोणी सांगितले, कुठे पाहिले, कोणत्या कागदावर वाचले. ज्याने काम केले आहे तो थांबवता थांबत नाही, लेखात न आलेल्या चार गोष्टी आणखी सांगतो. त्या चार गोष्टी लेखात घालायला सांगायच्या. पुढे वाक्ये नीट करायला त्याने यंत्र वापरले तरी माझी हरकत नाही.

---

बोरबन

हे फार उपयोगी आहे. पाटावरवंटा, शोककळेबद्दल तुमचे म्हणणे पटले. मी 'माणसाने लिहिलेले' म्हणताना 'पाहून लिहिलेले' म्हणायला हवे होते.

---

वहिवाट

कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी.

आपल्या १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक व्याख्या आली: संगणकाने निर्माण केलेल्या साहित्यकृतीचा लेखक म्हणजे ती निर्माण होण्यास कारण झालेली व्यक्ती. ही व्याख्या आजच्या एआयच्या खूप आधीची आहे आणि तिचा अर्थ कसा लावायचा यावर वाद आहेत. पण एक दिशा त्यात स्पष्ट आहे, कायदा माणूस शोधतो. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये याच दिशेने निकाल दिला: स्वामित्व हक्कासाठी लेखक माणूसच हवा.

दुसरी गोष्ट उत्तरदायित्वाची. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या कार्यालयाला मिळून ५,००० डॉलर दंड केला. विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात त्यांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले होते. खटल्याची नावे, क्रमांक, उतारे सगळे रीतसर दिसत होते. दंड यंत्राला झाला नाही, सही करणाऱ्यांना झाला. बोरबन यांच्या पंचनाम्याच्या उपमेत मी इतकी भर घालेन की पंचाला पुढे साक्षीलाही उभे राहावे लागते, आणि उलटतपासणीत 'पाहिले का?' या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर असते.

---

इंद्रायणीकाठ

शके १५०६ म्हणजे १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी आपल्या ओव्या आणि पाठ घुसवलेले होते. नाथांनी पाठ पारखून प्रत तयार केली आणि शेवटी बजावले, की या ग्रंथात जो आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. स्वतः इतका मोठा कवी असूनही त्यांनी आपली भर टाळली, हे मला या धाग्यात फार महत्त्वाचे वाटते.

---

बिटबाइट

इंद्रायणीकाठ, नरोटीचीच गोष्ट आज मोजून दाखवलेली आहे. जुलै २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक शोधनिबंध आला. मॉडेलने तयार केलेल्या मजकुरावर पुढचं मॉडेल शिकवलं, त्याच्या मजकुरावर त्याच्या पुढचं, असं करत गेलं तर काय होतं? आधी दुर्मीळ गोष्टी गळतात, कारण प्रत्येक पिढी जास्त संभव असलेलं जास्त लिहिते आणि कमी संभव असलेलं कमी. पुढच्या पिढ्यांत सगळा मजकूर एकसुरी होतो आणि शेवटी निरर्थक. मूळ माणसांचा मजकूर मिसळत राहिलं तर ही घसरण बरीच थोपवता येते, हेही खरं.

आता हे मराठीला लावा. इंग्रजीत माणसांचा जुना मजकूर एवढा पडलाय की भेसळ पचते. आपल्याकडे घागरीत पाणीच कमी. पावसाला 'मुसळधार' आणि 'रिमझिम' उरतील. झड, भुरभुर, वळीव, हत्तीचा पाऊस आधी जातील.

---

दुभाषी

याला एक जोड. २०२० मध्ये स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाबद्दल असं उघड झालं की त्यातले हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकी मुलाने लिहिले होते. इंग्रजी वाक्यं घ्यायची आणि शब्दकोशातून एकेक शब्द बदलायचा. यंत्राचा संबंध नव्हता, माणूसच होता आणि हेतूही वाईट नव्हता. वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तपासणारे भाषिक तिथे फिरकतच नव्हते. त्यामुळे पाटावरवंटांचा मुद्दा मला धाग्यातला सगळ्यात कळीचा वाटतो. माणूस असणं पुरत नाही, भाषा जाणणाऱ्यांचा राबता लागतो.

---

मोडीपत्र

नवं लिहिण्याइतकंच जुनं बाहेर काढणं महत्त्वाचं आहे. माणसांनी लिहिलेली मराठी कमी नाही, ती कपाटात आहे. पहिला दिवाळी अंक म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'मनोरंजन'चा १९०९ चा. तेव्हापासूनची छापील पानं मोजा.

करायचं कसं: पानं ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके), करड्या छटेत स्कॅन करावीत. नुसती काळी-पांढरी केली तर अनुस्वाराचे टिंब आणि धुळीचा ठिपका यांतला फरक जातो. चित्रातली अक्षरं वाचून मजकूर करणाऱ्या टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीत मराठीची सोय आहे. वाचून झालं की या जोड्या हाताने तपासाव्यात: ध–घ, भ–म, थ–य, ब–व, आणि 'ख'चा 'रव'. १९६२ पूर्वीच्या मजकुरात 'नांव', 'कांहीं', 'घरांत' असे अनुस्वार असतात. ते 'दुरुस्त' करू नयेत, तो त्या काळचा पुरावा आहे.

दुसरा अडकलेला साठा म्हणजे युनिकोड येण्याआधी संगणकावर जुळवलेली पुस्तकं. श्रीलिपीसारख्या फाँटांमधल्या फाइलीत आत रोमन अक्षरांचेच संकेत असतात, वरून फक्त देवनागरी दिसते. कॉपी केलं की कचरा येतो. रूपांतरक मिळतात, पण ते दोन ठिकाणी हमखास चुकतात: ऱ्हस्व वेलांटी, कारण त्या फाँटात ती अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर येते, आणि रफार, तो नेमका उलटा, टंकताना शेवटी आणि युनिकोडमध्ये आधी. 'आर्थिक'सारखे शब्द शोधून तपासले की चुकांचा नमुना लगेच कळतो, मग सगळीकडे एकदम बदलता येतो.

हक्क बघूनच टाकावं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्व राहतं. मुदत संपलेलं साहित्य मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर चढवता येतं आणि तिथे प्रत्येक पान स्कॅनशेजारी ठेवून दुसऱ्या माणसाला तपासता येतं.

---

कानामात्रा

रफार-वेलांटीबद्दल अनुमोदन. त्यात 'ष्ट' आणि 'ष्ठ'ही घालावे. 'श्रेष्ट' असे आले की रूपांतरकाने घोळ केला की लेखकाने, हे मूळ पान पाहिल्याशिवाय ठरवू नये.

---

उखळ

सगळे कागदाबद्दल बोलत आहेत. जे कधी कागदावर आलेच नाही त्याचे काय?

जात्यावरच्या ओव्या बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांबरोबर खेडोपाडी फिरून बायकांच्या तोंडून एक लाखाहून जास्त ओव्या टिपल्या. आता त्या 'परी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत, बऱ्याच ठिकाणी गाणारीचे नाव, गाव आणि आवाजासकट. या कामाचे कसब टिपण्यात आहे. ओवी गाताना शब्द ताणला जातो, 'बाई', 'गं' मध्ये येतात, एकच ओळ दुसऱ्यांदा किंचित बदलून येते. टिपणाऱ्याने 'शुद्ध' केले तर छंद मोडतो आणि गावाची बोली जाते. ऐकले तसे लिहायचे, आणि कळले नाही तिथे कंस रिकामा ठेवायचा.

आवाजावरून मजकूर करणारी यंत्रे रिकामा कंस ठेवत नाहीत, सगळ्यात जवळचा प्रमाण शब्द बसवतात. पुढे 'मूळ ओवी' म्हणून तोच फिरतो. माणसाच्या लेखनात 'इथे मला ऐकू आले नाही' असे लिहिलेले असते, आणि पुढच्याला नेमके तिथूनच शोधता येते.

---

पाटावरवंटा

उखळ, हे वाचून थोडं सरकलो. रिकामा कंस ठेवायचा प्रामाणिकपणा बातम्यांतही आला तर शोककळा आपोआप कमी होईल.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. यंत्राने अर्ज लिहून दिला तर दिला. फक्त अहिराणी माणसाने अहिराणीतही लिहावं, आणि ते कुणी प्रमाण करू नये.

---

टपालपेटी

मापांचंही असंच आहे. पायली म्हणजे चार शेर हे बहुतेक ठिकाणी जुळतं, पण मण बारा पायल्यांचा की सोळा, हे मुलखागणिक बदलतं. गावाच्या इतिहासात 'त्या वर्षी वीस मण भात झाले' एवढंच लिहिलं तर आकडा वाया गेला. मण कितीचा, हे विचारून शेजारी लिहायला हवं. यंत्र तिथे चाळीस किलो लिहून मोकळं होतं.

---

बोरबन

मूळ प्रश्नाकडे येतो. इथून मिळालेले धरून स्मरणिका-अंकांसाठी एक काम सुरू करावे असे वाटते: नक्षत्रांच्या पावसाची नावे, तालुक्यागणिक. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असाव्यात. शब्द; गाव आणि तालुका; सांगणाऱ्याचे साधारण वय आणि तो शेतकरी, मच्छीमार, गुराखी कोण ते (नाव त्याला हवे असेल तरच); आणि त्या शब्दाचे एक वाक्य, तो बोलला तसेच. वाक्याशिवाय नोंद घ्यायची नाही, कारण नुसती यादी कोणीही कुठूनही उचलतो. ऐकू आले नाही तिथे रिकामा कंस. एकाच गावात दोन माणसांनी वेगळे सांगितले तर दोन्ही ठेवायचे.

तरणा आणि म्हातारा मी घेतो. हस्ताचा 'हत्तीचा' पाऊस कोण घेईल?

---

उखळ

हत्तीचा माझ्याकडे. मघा नक्षत्राचा सासवांचा आणि पूर्वा नक्षत्राचा सुनांचा, हेही बघते. ते बायकांकडूनच नीट कळेल.

---

बिटबाइट

तक्ता युनिकोडमध्ये, एका ओळीत एक नोंद, स्वल्पविरामाऐवजी टॅबने वेगळा करा. वाक्यात स्वल्पविराम येणारच. 'ऱ' सगळ्यांनी वेगळ्या चिन्हानेच लिहा, म्हणजे 'म्हाताऱ्यानं' शोधताना दोनदा शोधावं लागणार नाही.

---

इंद्रायणीकाठ

आश्लेषाचा आसळका माझ्याकडे. शब्द माहीत आहे, पण वाक्य नाही. रविवारी बाजारात शेतकरी येतात, विचारून मग लिहितो.